तिसरी बशी

गिरणीत पीठ कुणी साचवत नाही, ते साचतं. भिंतीवर, बटणांवर, देवाच्या फोटोवर, माझ्या भुवयांवर. आमच्या मंडळातल्या किश्श्यांचंही तसंच झालंय. दर रविवारी पाचजण गाणं ऐकायला बसतो, भांडून उठतो, आणि घरी येऊन पदर झटकावा तर ओंजळभर निघतं! आता इतकं साचलं की म्हटलं, एकदा चाळून काढू. कोंडा निघाला तर तोही ठेवीन. कोंडा कुणाचा आहे, हेही गावाला कळलं पाहिजे.

आष्टीत खताच्या दुकानाच्या वर एक लांबोडकी खोली आहे. तिथं आमचं श्रोता मंडळ भरतं. सोळंकेसर, रिटायर्ड हेडमास्तर, पेटी वाजवतात आणि शास्त्रीय सोडून बाकी सगळ्याला नुसता ‘आवाज’ म्हणतात. तौरवकील परतूरच्या कोर्टात जातात. जुन्या सिनेमाची गाणी म्हणजे त्यांचा प्राण. पाईकराव मॅडम झेडपीच्या शाळेत शिकवतात. भीमगीतं त्यांच्याइतकी कुणाला पाठ नाहीत. रहीमचाचा टेलर, कव्वालीवाले. आणि पाचवी मी, गिरणीवाली मावशी. मी शाळेत गेले नाही. वाचायला शिकले दळणाच्या डब्यांवरची नावं वाचून, आणि ऐकायला शिकले रेडिओवरून. गुरू कुणी नाही, म्हणून पाया पडायचं कामही नाही!

दर रविवारी एकाचा मान. ज्याचा मान, त्यानं गाणं निवडायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

*

पूर्वी गाणं चालू असतानाच भांडणं व्हायची. एकदा वकीलसाहेब आणि रहीमचाचा असे जुंपले, की गाणं कधी संपलं कुणाला कळलंच नाही. जरा वेळानं मॅडमनी विचारलं, “कशावर भांडून राह्यलेत तुम्ही? लाईट जाऊन किती वेळ झाला!”

तेव्हा सरांनी नियम काढला. गाणं चालू असताना बोलायचं नाही. नाहीच आवडलं, तर चहाचा कप उचलून बाजूला ठेवायचा आणि आपली बशी उपडी करायची. तीन बश्या उपड्या झाल्या की गाणं बंद. का, कशाला, विचारायचं नाही. आणि एकदा उपडी केलेली बशी बैठक संपेस्तोवर सुलटी करायची नाही. बोललेला शब्द जसा परत घेता येत नाही, तसंच.

नियमाच्या पहिल्याच रविवारी सरांचा मान होता. त्यांनी एक पेटीवादन लावलं. वाजवणाऱ्याचं नाव सांगितलं नाही, नुसतं म्हणाले, “ऐका. तयारी बघा.” आम्ही ऐकलं. तयारी बघितली. टक्, टक्, टक्! तीन बश्या.

सर लालबुंद झाले. “तुम्हा लोकांना कान नाहीत,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मंडळी दळण घेऊन आल्या. हळूच मला म्हणाल्या, “मावशी, कालपासून जेवले न्हाईत हो. ते वाजवणं त्यांचंच होतं ना!”

*

त्याच्याही आधी, मी मंडळात नवी आले तेव्हा सरांना ते पसंत नव्हतं. तोंडानं नाही म्हणाले नाहीत, पण चहा आला तेव्हा माझ्याकडे बघत राहिले. मी चहा बशीत ओतून पिते. लहानपणापासून. फुर्रर्र आवाज होतो, होऊ द्या की! सर मात्र कपातूनच पिणार, करंगळी वर धरून. त्यांच्या बशीला चहाचा थेंब लागलेला आजवर कुणी पाहिला नव्हता. धुवायला टाकली काय न टाकली काय, सारखीच.

मी पहिला फुरका मारला आणि सर म्हणाले, “भागीरथीबाई, बशीतून भुरके मारणाऱ्याला सूर कसा कळायचा?”

मी दुसरा फुरका मारला, मुद्दाम लांब. मग म्हणाले, “सर, चहानं माझं तोंड भाजतं, कान न्हाई!”

रहीमचाचा इतके हसले, की त्यांचा चहा वकीलसाहेबांच्या पांढऱ्या शर्टावर. तिथून मी मंडळात पक्की झाले.

*

आता एस्तेर. ती मला कुणी दिली नाही, माझी मीच सापडवली.

नातीनं तिचा जुना मोबाईल मला दिला. गिरणीत मी त्याच्यावर अभंग लावते. एके दुपारी अभंग संपला आणि पुढचं आपोआप लागलं. एक बाई, केस आखूड, साडी नेसलेली, इंग्रजीत गात होती. मी बंद करायला हात पुढं केला, पण हात पिठाचे. म्हटलं, पुसेपर्यंत गाऊ दे हिला.

हात पुसायचे राहूनच गेले.

कसं सांगू? गिरणीचा पट्टा थोडा ढिला असला की मोटर पुढं धावते आणि दगड एक श्वास मागून येतो. वाटतं, चुकला आता. चुकत नाही. बरोब्बर येतो, फक्त स्वतःच्या मर्जीनं येतो. ही बाई तशी गात होती. ठेका पुढं चाललाय, आणि ही मागून, हात हलवत, कुणाच्या बापाची घाई नसल्यासारखी! ह्या गाण्याला जॅझ म्हणतात हे मला नंतर कळलं. नाव नंतर कळल्यानं काही अडत नाही. लेकरूही आधी होतं, बारसं नंतर.

तिचं नाव होतं एस्तेर साळवे. मी तिचे सगळे कार्यक्रम पाहिले, मुंबईचे, पुण्याचे. एकच गाणं ती तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं गायली होती. मी तिन्ही पाठ केली.

*

पुढच्या रविवारी मान माझा. मी एस्तेरला लावलं. धृपद संपायच्या आत तीन बश्या! माझी आणि चाचांची तेवढी सुलटी.

“मावशी,” वकीलसाहेब म्हणाले, “हिचा घसा बसलाय का?”

“हिला ठेकाच सापडून न्हाई राह्यला,” मॅडम म्हणाल्या.

मी म्हटलं, सापडलाय, ती त्याला थोडं थांबवून ठेवती. आणि हेच गाणं तिनं पुण्यात वेगळं गायलंय, मुंबईत वेगळं.

सरांनी टाळीच वाजवली. “म्हणजे पाठ नाही!”

“सर,” मी म्हणाले, “तुमचे बुवा एकच राग रोज वेगळा गातात, तवा तुम्ही मान डोलावता. हिनं वेगळं गायलं की पाठ न्हाई? बुवाचा विस्तार आणि बाईचा विसर, असं हाय का?”

सरांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

वकीलसाहेबांनी मग शेवटचा हुकमी पत्ता टाकला. “मावशी, खरं सांगा. तुम्हाला इंग्रजी येतं का? एक शब्द तरी कळतो का तिचा?”

“न्हाई कळत,” मी म्हणाले. “वकीलसाहेब, मोठ्या कोर्टात निकाल इंग्रजीत वाचतात ना? मंग हरलेल्याला कळतंच ना, आपण हरलो म्हणून?”

*

मी हट्टाला पेटले. गिरणीत स्पीकर लावला आणि रोज एस्तेर. मुलगा म्हणाला, “आई, लोक हसून राह्यलेत.” मी म्हणाले, हसू दे, दात तरी दिसतील.

मागच्या गल्लीतला बबन ज्वारी घेऊन आला होता. कान दाबून म्हणाला, “मावशी, हे असलं ऐकवू नका. पीठ नासून जाईल.”

“नासलं तर परत आण. त्याच्या भाकरी करून मी खाते.”

पीठ परत आलं नाही. आठवड्यानं बबन आला. त्या दिवशी मोबाईलची बॅटरी संपली होती, गिरणी नुसतीच घरघरत होती. डबा ठेवला, पण गडी हलेना. इकडं बघतोय, तिकडं बघतोय. शेवटी म्हणाला, “आज ती बाई न्हाई का? आजारी-बिजारी हाय काय?”

*

एस्तेरची आई एकेकाळी आष्टीच्या दवाखान्यात नर्स होती, हे मला दळणाला येणाऱ्या बायकांनी सांगितलं. पोरगी चौथीपर्यंत इथंच शिकली. आता नाताळात जालन्याला मावशीकडे येते.

नाताळ आला तशी मी पत्ता काढला, एस्टी धरली आणि जालना गाठलं. दार तिनंच उघडलं. मोबाईलमध्ये उंच वाटायची, माझ्याएवढीच निघाली.

मी म्हणाले, “मी आष्टीची. गिरणीवाली. तुझं गाणं ऐकायचंय, समोर बसून. मोबाईलमधलं लई झालं.”

तिनं चहा दिला. बशीसकट! मी फुरका मारला, तिनंही मारला. मग म्हणाली, “मावशी, मी हॉटेलांत गाते, लोक जेवत असतात. आष्टीत माझं गाणं कोण ऐकणार?”

“मी.”

“अजून कोण?”

“का? मी पुरत न्हाई?”

ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, “येते. रविवारी.”

*

बातमी कळल्यावर मंडळात जे झालं, त्याला चर्चा म्हणतात म्हणून मीही म्हणते.

मॅडम म्हणाल्या, पोरं बिघडतील. वकील म्हणाले, गाव हसेल. सर काही बोलेनात, आणि सर बोलत नाहीत तेव्हा जपून राहावं लागतं.

शेवटी बोलले. “येऊ द्या तिला. पण मंडळाची खोली, मंडळाचा नियम. पाच बश्या मांडल्या जातील. पूर्ण कार्यक्रमात मिळून तीन उपड्या झाल्या, की गाणं तिथंच बंद. आणि भागीरथीबाई, तुमचा मानही बंद. ऐकायला या, पण पुन्हा निवडायचं नाही.”

रहीमचाचा मधे पडले. “सर, ये बराबर न्हाई. भागीरथीआक्कानं मेहमान बोलावली, गुन्हा न्हाई केला.”

मी म्हणाले, “चाचा, ऱ्हाऊ द्या. मंजूर!”

मंजूर म्हणाले खरी, पण रात्रभर कूस बदलत होते. नवरा मला बापानं निवडून दिला. लुगड्याचा रंग सासूनं. गिरणी नवरा गेल्यावर गळ्यात पडली. माझ्या मर्जीनं मी आयुष्यात निवडलेलं काय, तर रविवारचं गाणं. तेही महिना-दीड महिन्यातून एकदा. ते गेलं तर मी पुन्हा दुसऱ्यांनी निवडलेलं ऐकणारी. तसं मी खूप ऐकलंय.

*

रविवारी दुपारी एस्तेर खताच्या दुकानापाशी गाडीतून उतरली. बरोबर एक गिटारवाला आणि एक लांबलचक माणूस, आणि त्या माणसाच्या पाठीवर त्याच्याहून उंच एक वाद्य. सारंगीला बाळसं यावं तसं! उभं धरून बोटांनी छेडायचं, आवाज पार पोटातून येतो. पण आमचा जिना अरुंद. वाद्य अडकलं. चौघं वरून ओढतायत, चौघं खालून ढकलतायत.

समोरच्या टपरीवरून एकानं आवाज दिला, “अरे, नवरीचं कपाट हाय का? मंग नवरी कुठंय?”

एस्तेर म्हणाली, “मीच हाय. कपाट माझंच. आता हात लावता का?”

टपरी सगळी उठून आली. वाद्य वर गेलं. रहीमचाचा तेवढ्यात गळ्यातली टेप काढून त्याचं माप घेत होते. “ह्याची खोळ उसवलीय बेटा. छाती-कंबर घेतलीय. जाताना नवी घेऊन जा.”

त्याआधी वाटेत एस्तेर गिरणीवर थांबली होती. मी चक्की चालू केली, तर डोळे मिटून पट्ट्याशेजारी उभी राहिली. केसांवर पीठ बसलं, तरी हलेना. तेव्हा मी तिला बश्यांचा नियम सांगितला. पैज सांगितली नाही. पैज माझी होती, गाणं तिचं. दोन्हीची भेसळ मला नको होती.

*

आता शेवटचं.

खोली गच्च भरली. जिन्यावर माणसं, खिडकीत पोरं, खाली खताच्या पोत्यांवर बायका. बबनसुद्धा आला, अंघोळ करून! गावाला कागदी कपात चहा, आणि पुढच्या रांगेत आम्हा पाचजणांना कपबश्या.

एस्तेर पहिलं गाणं इंग्रजीत गायली. चांगलं गायली, पण जपून. लोक चुळबुळले. मागून कुणीतरी ओरडलं, “मराठी होऊ द्या!” मग दुसरा, मग दहाजण.

ती थोडी हसली. आणि तिनं एक जुनं सिनेमातलं मराठी गाणं धरलं. खोलीनं टाळ्यांचा कडकडाट केला. वकीलसाहेबांचे डोळे मिटले, मान डोलायला लागली. मॅडम गुणगुणू लागल्या. सुरेल होतं, गोड होतं, रेकॉर्डवर आहे तसं हुबेहूब होतं. ठेक्याच्या मागं नाही, पुढं नाही. शाळेतल्या पोरीनं रेघेवर अक्षर काढावं तसं.

पैज मी जिंकत होते. अशी दोन-तीन गाणी झाली असती, तर एकही बशी हलली नसती. सगळे खूश, माझा मान शाबूत.

पण हे मी निवडलं नव्हतं! हे गाणं तर वकीलसाहेब न्हाणीतही गातात. त्यासाठी मी एस्टीत उभी राहून जालन्याला गेल्ते का?

मी कप उचलून खाली ठेवला. आणि बशी उपडी केली. टक्.

तो आवाज एस्तेरपर्यंत गेला. ती मधल्याच ओळीत थांबली. गिटार थांबली. माईकवरच म्हणाली, “मावशी? तुम्हीच?”

“हो, मीच,” मी उभी राहिले. “मी तुला ह्यांच्या मनासारखं गायला न्हाई बोलावलं. ह्यांच्या मनासारखं ह्यांना रोज मिळतं. तू तुझं गा.”

वकीलसाहेबांनी डोळे उघडले आणि काय झालं ते त्यांच्या ध्यानात आलं. “माझं गाणं बंद पाडलं!” म्हणाले, आणि रागारागानं आपली बशी आपटली. उपडी. दोन.

मॅडम माझ्या कानाशी लागल्या. “मावशी, अहो हे काय केलं? आता एकच राहिली.”

“मोजता येतं मला,” मी म्हणाले आणि खाली बसले.

एस्तेरनं चप्पल काढली. त्या लांबलचक माणसाकडे बघून मान हलवली. त्यानं सुरू केलं, दुग-दुग, दुग-दुग, आणि खालच्या पोत्यांवरून एक बाई ओरडली, “अगं बाई, मावशीची गिरणी!” खरंच गिरणी होती. ढिल्या पट्ट्याची. आणि एस्तेर तिच्या मागून यायला लागली. हात हलवत, निवांत, कुणाच्या बापाची घाई नसल्यासारखी. आधी शब्द इंग्रजी होते, मग तिनं शब्दही सोडून दिले. नुसता गळा. वर जातोय, घसरतोय, आता पडला म्हणेपर्यंत ठेक्याच्या मांडीवर येऊन बसतोय!

मोबाईलमध्ये ह्यातलं निम्मंही येत नाही. आजवर मी चाळणीतून ऐकत होते.

चाचांनी आपल्या बशीवर पंजा पालथा ठेवला होता, वारा आला तरी उलटू नये म्हणून. मॅडमनी त्यांच्या बशीत बिस्किटांचा चुरा केला होता; खात नव्हत्या, नुसत्या चुरत होत्या.

राहिले सर.

सरांचा कप भरलेला होता, तसाच. गाणं चालू असताना ते चहा पीत नाहीत. ताठ बसले होते, पेटीपुढं बसतात तसे. चेहऱ्यावर काही नाही. मग त्यांचा हात पुढं आला.

माझ्याबरोबर अख्ख्या पुढच्या रांगेनं तो हात पाहिला. बशी उपडी करायची तर आधी कप उचलावा लागतो. सरांनी कप उचलला. वकीलसाहेब सरसावून बसले. सरांनी दुसऱ्या हातानं बशी धरली, कोरडी, पांढरी, कधी थेंब न लागलेली बशी.

मी पदर घट्ट ओढला. म्हटलं, जाऊ दे मान. असलं एकदा समोर बसून ऐकलं, आता जाऊ दे.

सरांनी कप तिरपा केला आणि सगळा चहा बशीत ओतला. काठोकाठ.

मग ती भरलेली बशी त्यांनी दोन्ही हातांत धरली आणि तसेच बसून राहिले. फुंकर मारली नाही, ओठाला लावली नाही. एस्तेर गात होती, चहा निवत होता, बशीच्या काठावर दुग-दुग थरथर उठत होती, आणि सर हलत नव्हते. वकीलसाहेब डोळ्यांनी खुणावत होते. सर त्यांच्याकडे बघतही नव्हते.

गाणं संपलं. खोली, जिना, खताचं दुकान, टपरी, सगळीकडून टाळ्या पडल्या. सरांना तेवढ्या वाजवता येईनात, हात गुंतलेले!

आणि त्या टाळ्यांच्या गदारोळात, मी शेजारीच होते म्हणून मला ऐकू आलं.

फुर्रर्र!